रस, तोरण आणि माझं थोबाड

माझा चेहरा मुळात लहान आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या गोष्टीत पुढे तो बराच मोठा होणार आहे.

सिडनीत, वेंटवर्थव्हिलपासून गाडीने दहा मिनिटांवर आम्ही घर घेतलं, त्याला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. घर बघायला गेलो तेव्हा माझी बायको मुग्धा नळ सोडून पाण्याचं प्रेशर बघत होती, कपाटं उघडून आत डोकं घालत होती. मी मात्र मागच्या अंगणात उभा राहून एका झाडाकडे बघत होतो. कुंपणाला लागून उभं असलेलं, दोन माणसं उंच, नाजूक लांबट पानांचं झाड. मुग्धा बाहेर आली आणि म्हणाली, "लाँड्रीत ओल आहे." मी म्हणालो, "पण झाड बघ!" घर घ्यायचा निर्णय कोणत्या मुद्द्यावर झाला हे मी सांगणार नाही, पण लाँड्रीत अजून ओल आहे.

तेव्हा ते झाड नुसतं हिरवं होतं. एप्रिल लागला, हवेत गारवा आला आणि झाडाने रंग बदलला. लाल! साधासुधा लाल नव्हे, नवरीच्या शालूसारखा लाल! मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभा राहायचो. फोटो काढायचो आणि पुण्याच्या शाळेच्या ग्रुपवर टाकायचो. खाली लिहायचो, 'आमच्याकडचा फॉल!' (ऑस्ट्रेलियात फॉल म्हणत नाहीत, ऑटम म्हणतात. पण पुण्यात कोणाला कळतंय!)

या झाडाचं कौतुक न करणारी घरात एकच व्यक्ती होती, माझ्या सासूबाई. त्या मूळच्या चिपळूणच्या, तिथल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. तीन महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मी त्यांना आई म्हणतो. त्या मला 'अविनाशराव' म्हणतात, 'अहो-जाहो' करतात, पण त्या 'अविनाशराव'मध्ये मला नेहमी 'बाकावर उभे राहा' असं ऐकू येतं.

"नाव काय हो या झाडाचं?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाव… असं काही माहीत नाही आई. शोभेचं आहे."

"कमाल आहे. नाव माहीत नसलेल्या माणसाला आपण घरात घेत नाही, झाडाला घेतो," एवढं बोलून त्या कढीलिंबाच्या कुंडीला पाणी घालायला गेल्या.

आता आमचा शेजारी कीथ. सत्तरीचा, उंच, कायम शॉर्ट्समध्ये. दिवसभर लॉन कापतो. (लॉन वाढायच्या आत कापतो. मला वाटतं गवत त्याला घाबरूनच वाढत नाही.) एका रविवारी मी झाडाखाली उभा होतो आणि पलीकडून कीथ मोवर चालवत माझ्याकडे हातवारे करायला लागला. मोवर बंद करणं त्याच्या स्वभावात नाही, त्यामुळे मला त्याचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी ऐकू आलं.

"मेट! रसपासून सांभाळ!"

"कोणापासून?"

"रस! नॅस्टी! माझी बायको… घर्रर्र… हॉस्पिटल!"

"अरे बाप रे!"

"माझ्याकडे पण होता! माणूस बोलावला… घर्रर्र… तुकडे केले… विष घातलं… डबल बॅग! संपला!" आणि त्याने अंगठा वर केला.

मी "नो वरीज!" म्हणालो आणि थेट घरात आलो. इथे नावं अर्धीच वापरतात. डॅरनचा डॅझ होतो, बॅरीचा बॅझ होतो. तेव्हा रस म्हणजे रसेल, हे मला लगेच कळलं. (आयटीत इतकी वर्षं काढली आहेत, पॅटर्न ओळखता येतो.)

"मुग्धा, आपला शेजारी खुनी आहे."

"कीथ? तो आपल्याला लिंबं आणून देतो तो?"

"तोच! कोणी रस म्हणून माणूस होता. त्याने कीथच्या बायकोला हॉस्पिटलात पाठवलं. मग कीथने एक माणूस लावून त्याचे तुकडे केले!"

मुग्धाने लॅपटॉपवरून नजरही उचलली नाही. "मोवर चालू होता का?"

"हो, पण…"

"मग बंद असताना जाऊन परत विचार."

"परत? खुन्याला? तुकडे कसे केले म्हणून?"

सासूबाई शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "मला तर तो सज्जन वाटतो. कुंपण किती नीट रंगवलंय. गुन्हेगार माणूस दोन हात रंग देत नाही."

मी काही विचारायला गेलो नाही. त्या दिवसापासून कीथ दिसला की लांबूनच मान हलवायची आणि आत सटकायचं, असं धोरण मी ठेवलं. त्याची लिंबंसुद्धा मी संशयाने पिळायचो.

अशात चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठरलं. शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी तीननंतर. मुग्धाच्या मैत्रिणी, मंडळातल्या बायका, त्यांची पोरं, सगळ्यांना आमंत्रण. नव्याने सिडनीत आलेली स्नेहलही येणार होती. तिच्या कडेवरच्या बाळाला दमा आहे, त्यामुळे तिच्या पर्समध्ये कायम पंप असतो. पाडव्याच्या कार्यक्रमात माझी तिच्याशी ओळख झाली होती. मी तिला सिडनीतल्या टोलच्या रस्त्यांविषयी थोडी माहिती दिली होती. (थोडी म्हणजे तिच्या पानातलं श्रीखंड वितळेपर्यंत.)

आंबेडाळ आणि पन्ह्याची जबाबदारी सासूबाईंनी घेतली. अडलं ते तोरणावर. हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानात आंब्याची पानं मिळतात, पण त्या आठवड्यात संपली होती.

"प्लास्टिकचं लावूया," मुग्धा म्हणाली.

"प्लास्टिकचं? माझ्या घरात? अंगणात एवढं लालभडक सोनं उभं असताना?" मी खुर्चीतून उठलो. "तोरण माझ्याकडे! आरास पण माझ्याकडे! कोणी कशाला हात लावायचा नाही!"

हे शेवटचं वाक्य कृपया लक्षात घ्या. मी आयुष्यात अनेक वाक्यं बोललो, पण इतरांच्या एवढं उपयोगी पडलेलं हे एकमेव. श्रेय वाटून घ्यायची माझी तयारी नव्हती, म्हणून घरातली बाकीची माणसं वाचली!

गुरुवारी सुट्टी होती. मी टी-शर्ट आणि हाफ पँट घालून, शिडी लावून झाडावर चढलो. हातमोजे? छे! फुलापानांना हातमोजे घालून कोण हात लावतं? कात्रीने फांद्या कापल्या. देठांतून पांढरट चीक आला, तो टी-शर्टला पुसला. घाम आला, तो त्याच हाताने कपाळावरून आणि मानेवरून पुसला. एक फांदी गळ्यात घालून सेल्फीही काढला. (तो फोटो पुढे डॉक्टरीणबाईंनी फार आवडीने पाहिला.) संध्याकाळपर्यंत दारावर लाल तोरण, दिवाणखान्यातल्या गौरीमागे लाल कमान, समयांभोवती लाल पानं आणि अंगणात उरलेल्या फांद्यांचा हा ढीग!

आमची मुलगी इरा चौदा वर्षांची आहे आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. तिने कमानीकडे बघितलं. "लुक्स सिक, डॅड."

मी फुलून गेलो. इथली पोरं झकास म्हणायचं असेल तेव्हा सिक म्हणतात. या वेळी शब्द दोन्ही अर्थांनी खरा होता, पण ते कळायला अजून एक दिवस होता.

शुक्रवारी मी घरूनच काम करत होतो. मनगटं खाजायला लागली. डास असतील म्हटलं. मग मान खाजायला लागली. मीटिंगमध्ये माझी मॅनेजर म्हणाली, "अविनाश, तुझा एक डोळा मिटतोय का?" मी म्हणालो, "कॅमेरा खराब आहे." दुपारी चारला काम आवरलं आणि मुग्धाची आज्ञा आठवली की पाहुणे यायच्या आत अंगणातला ढीग हलव. कंपोस्टमध्ये तो मावणार नव्हता. मग मला अशी काही कल्पना सुचली की मी स्वतःवरच खूश झालो. अंगणात शेकोटीचं लोखंडी घमेलं होतंच. सगळं जाळून टाकायचं! गारठ्यात जरा ऊब मिळेल, वर काम फत्ते!

फांद्या घमेल्यात रचल्या. गॅसचा लांब लायटर आणला. खाजऱ्या हाताने तो पेटवला आणि खाली वाकलो.

"अरे गाढवा, थांब!!"

एवढा मोठा आवाज मी सिडनीत ऐकला नव्हता. वळून बघतो तर लाँड्रीच्या दारातून सासूबाई धावत येताहेत. पंच्याहत्तरीला टेकलेल्या सासूबाई! एका हातात काठीला अडकवलेला माझा गुरुवारचा टी-शर्ट, निशाणासारखा फडकतोय! आणि त्याच क्षणी कुंपणावरून कीथचं डोकं वर आलं. तोही ओरडत होता, "नो, मेट, नो! डोंट बर्न इट!" मागे सासूबाई, बाजूला खुनी, मध्ये मी. लायटर हातातून गळून पडला.

सासूबाई धापा टाकत पोचल्या आणि तो लायटर त्यांनी पायाने लांब उडवला. काठी माझ्या नाकासमोर धरली. टी-शर्टवर जिथे जिथे मी चीक पुसला होता, तिथे काळेकुट्ट डाग पडले होते.

"हे काय आहे?"

"डाग आहेत आई. मी धुतो नंतर."

"जन्मभर धुतलास तरी जायचे नाहीत! धोबी पूर्वी कपड्यांवर खुणा करायचे ना, त्या बिब्ब्याच्या असायच्या. हा डाग त्या जातीचा आहे. काल पांढरा चीक, आज काळा डाग, आणि तुझी मनगटं बघ! हे झाड बिब्ब्याचं कोणीतरी लागतं. बिबा उतलाय तुला!"

मी तोंड उघडं टाकून उभा. डागांचं जाऊ द्या. माझ्या सासूबाई मला 'तू' म्हणाल्या होत्या! त्याआधी गाढव म्हणाल्या होत्या! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मी त्या घरचा वाटलो.

"आणि जाळायला निघालास? आमचा दादा लहानपणी गोडंबीच्या नादाने बिबे फोडायला गेला होता. तोंड एवढं सुजलं, की आई त्याला चार दिवस चमच्याने पेज पाजत होती. ते नुसतं अंगाला लागलं होतं. याचा धूर छातीत गेला म्हणजे? उद्या ते दम्याचं बाळ येणार आहे या घरात, कळतंय का?"

कळलं. खाज, कौतुक, तोरण सगळं बाजूला पडलं. आपण काय करायला निघालो होतो ते त्या एका वाक्यात दिसलं. मग कीथ बोलला.

"मी सांगितलं होतं ना तुला, मेट! रस आहे तो! रस ट्री!"

"…ट्री?" मी म्हणालो.

"ट्री! माझ्या बायकोने त्याची छाटणी केली आणि आठवडाभर हॉस्पिटलच्या चकरा मारल्या. माझ्याकडचा रस मी माणूस बोलावून तोडून घेतला, खोडाला विष लावलं, आणि सगळं डबल बॅगेत भरून पाठवलं!"

घराच्या दारात मुग्धा येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. "मोवर बंद असताना विचारायला सांगितलं होतं," एवढंच ती म्हणाली.

पुढचे दोन तास मी जे पाहिलं, त्याला तोड नाही. सासूबाईंनी पदर खोचला. खोचला म्हणजे काय, त्यावर माझा रेनकोट चढवला, भांड्यांचे लांब रबरी मोजे घातले, पायांत माझे बूट, आणि चष्म्यावर इराचा पोहण्याचा गॉगल! कीथने नाक-तोंड झाकायला मास्क आणून दिला. त्या अवतारात त्या अंगणात उभ्या राहिल्या आणि शाळा भरली.

"मुग्धा, आधी या माणसाला न्हाणीघरात घाल. गार पाणी आणि साबण. गरम पाणी नको, आणि घासू नकोस. नखांच्या खालचं नीट काढ. याने काल कशाकशाला हात लावला ते विचार आणि सगळं पुसून घे!"

मी काल कशाला हात लावला नव्हता ते विचारा! दाराची कडी, फ्रिज, रिमोट, फोन, गाडीचं स्टिअरिंग. (फोनवर तर सगळ्यात जास्त. फोटो टाकायचे होते ना!) मुग्धा मोजे घालून माझ्या मागावर फिरत होती, जशी काही मी गोगलगाय आणि माझा चिकट माग घरभर उमटलाय. माझे कपडे वेगळे धुतले. कात्री आणि शिडी स्पिरिटने पुसली.

बाहेर सासूबाईंनी एकेक फांदी उचलून जाड पिशवीत घातली. त्या पिशवीवर दुसरी पिशवी. कीथ कुंपणापलीकडून सूचना द्यायचा आणि त्या त्याला आपल्या मुख्याध्यापिकेच्या इंग्रजीत सूचना द्यायच्या.

"मिस्टर कीथ, होल्ड द बॅग स्ट्रेट!"

"येस, मॅम."

"नॉट लाइक दॅट. लाइक धिस."

"सॉरी, मॅम."

इतक्या महिन्यांत कीथने कोणाचं ऐकलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याने मोवरसुद्धा बंद ठेवला होता! तोरण उतरलं, कमान उतरली, समयांभोवतीची पानं चिमट्याने वेचून झाली, फरशी पुसली गेली. पिशव्या गॅरेजच्या कोपऱ्यात बांधून ठेवल्या. आणि एवढं झाल्यावर सासूबाई मोजे उलटे सोलून काढत म्हणाल्या, "चला, आता डाळ भिजत घालायची राहिलीय."

"युअर मदर-इन-लॉ इज अ लेजंड, मेट," कीथ मला म्हणाला. मी मान हलवली. लांबून नव्हे, अगदी जवळून. मनातल्या मनात त्याची माफीही मागितली. माणूस खुनी नव्हता, याचा जरासा हिरमोडही झाला, खोटं कशाला बोलू?

"आता जे लागलंय ते लागलंय," सासूबाईंनी मला सांगून ठेवलं होतं. "उद्या आणखी फुगेल, घाबरू नका." (संकट टळल्याबरोबर परत 'अहो-जाहो'!)

शनिवारी सकाळी मी उठलो आणि मला वाटलं अजून अंधार आहे. अंधार नव्हता, डोळे उघडत नव्हते. चाचपडत आरशापुढे गेलो, एक पापणी बोटाने वर उचलली आणि समोर एक भोपळा दिसला. भोपळ्यालाही पापणी होती, तीही त्याने उचलली होती!

इरा दारातच थबकली. "ओह माय गॉड. डॅड, आर यू इन देअर?"

मुग्धाने तसंच उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "रस?" म्हणजे मी सोडून या देशात सगळ्यांना ते झाड ओळखता येत होतं. मुग्धाने त्यांना फोनमधला सेल्फी दाखवला. त्यांनी तो मोठा करून दोनदा पाहिला. मग गंभीरपणे विचारलं, "याचा धूर कोणाच्या छातीत गेला नाही ना?"

"नाही. माझ्या आईने थांबवलं," मुग्धा म्हणाली.

"त्यांना माझा नमस्कार सांगा. धुराने आलेले पेशंट मी पाहिलेत." त्यांनी गोळ्या दिल्या, मलम दिलं, वरून लावायला पांढरं लोशन दिलं. जाता जाता म्हणाल्या, "गंमत म्हणजे हे झाड आंब्याच्याच कुळातलं आहे."

म्हणजे बघा, आंब्याची पानं मिळाली नाहीत म्हणून मी दाराला त्याचा गुंड चुलतभाऊ टांगला होता!

घरी आलो तर दारावर नवं तोरण होतं. कीथने त्याच्या लिंबाच्या झाडाची पानं टोपलीभर आणून दिली होती आणि सासूबाईंनी ती दोऱ्यात ओवून मध्ये मध्ये झेंडू घातला होता. कमानीच्या जागी त्यांचं स्वतःचं लाल इरकली लुगडं चुणीदार करून सोडलं होतं. गौर अशी दिसत होती की मी उघड्या अर्ध्या डोळ्याने बघतच राहिलो. माझ्या लाल पानांची आठवणसुद्धा कोणाला आली नसती.

त्यांनी मला खोलीत आरामखुर्चीवर बसवलं. तोंडाला लोशन लावलं. हुडहुडी भरत होती म्हणून आपली शाल माझ्या डोक्यावरून गुंडाळली. ओल्या फडक्याची घडी डोळ्यांवर ठेवता ठेवता हळूच म्हणाल्या, "पानं छान लावली होतीत हो तुम्ही. हौस आहे तुम्हाला." आणि बाहेर गेल्या. मला वाटतं सूज नसती तर माझे डोळे भरून आले असते. तेवढी जागा त्यात उरली नव्हती.

हळदीकुंकू रंगलं. खोलीत बसून मी बांगड्यांचे आवाज ऐकत होतो, आंबेडाळीचा वास घेत होतो. बायका तोरणाचं कौतुक करत होत्या. बाहेर स्नेहलचं बाळ खिदळत होतं. ते खिदळणं मी बराच वेळ कान देऊन ऐकलं.

एवढ्यात दार उघडलं. बाळाला निजवायला जागा शोधत स्नेहलच आत आली. मी शालीतून तोंड वर केलं. पांढरं फटक, सुजलेलं, डोळे मिटलेलं तोंड! ती दचकली, मग एकदम नरम आवाजात म्हणाली, "अय्या! तुम्ही अविनाशचे बाबा ना? कधी आलात इंडियातून?"

आता खरं सांगायचं म्हणजे झाडापासून सुरुवात करावी लागली असती. ओठही सुजलेले होते. मी पुटपुटलो, "कालच."

"दमला असाल हो. फार लांबचा प्रवास!" आणि मला काही कळायच्या आत ती बाळासकट खाली वाकली आणि तिने माझ्या पायाला हात लावला!

काय करणार? संस्कार आड येतात. मी हात वर केला आणि म्हणालो, "सुखी राहा, बेटा."

ती बाहेर गेली आणि माझ्या कानावर आलं, "मुग्धा, तुझे सासरे किती गोड आहेत गं!" मग सासूबाईंचा खणखणीत आवाज. "हो, स्वभावाने फारच गरीब आहेत. पन्हं घे."

त्यांनी मला उघडं पाडलं नाही. या बाईचं मोठेपण किती सांगावं!

पुढच्या आठवड्यात झाडं काढणारा माणूस आला, पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या सूटमध्ये. त्याने रस मुळापासून तोडला, खोडाला औषध लावलं आणि सगळं बांधून घेऊन गेला. मी खिडकीच्या काचेआडून निरोप दिला. माझा चेहराही हळूहळू मूळ मापावर आला. सासूबाई चिपळूणला परत गेल्या आणि जाताना कीथला लोणच्याची बरणी देऊन गेल्या. तो अजून विचारतो, "मॅम परत कधी येणार?"

मध्यंतरी वेंटीच्या, म्हणजे वेंटवर्थव्हिलच्या, वाणसामानाच्या दुकानात स्नेहल भेटली. मी उत्साहाने तिला नवीन बोगद्याच्या टोलबद्दल सांगायला सुरुवात केली. तिने जरा वेळ ऐकलं, मग मध्येच विचारलं, "तुमचे बाबा परत गेले का हो?"

"हो," मी म्हणालो. "गेले."

"अरेरे! फार समजूतदार होते." तिने माझ्याकडे निरखून बघितलं आणि एक सुस्कारा सोडला. "तुम्ही अजिबात त्यांच्यावर गेला नाहीत!"